कृपाळू होऊन

पहूरच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या एका दुकानात, कॉम्प्युटरवर एक फाइल आहे. नाव ‘अर्ज नवीन’. किती वर्षांपासून नवीन आहे, ते दुकानदारालाही आठवत नाही. शिपाई असो, शिक्षक असो, सिक्युरिटी गार्ड असो. नाव बदलायचं, प्रिंट काढायची, दहा रुपये ठेवायचे.

परवा एका पोरानं जळगावच्या एका ठिबकच्या कंपनीसाठी हाच अर्ज काढला. वर विषयात कंपनी, खाली ‘आपल्या विद्यालयात सेवेची संधी द्यावी’. मी दाखवलं, तर म्हणाला, “भाऊ, कोण वाचतं एवढं?” लिहिणाऱ्यानंच वाचलं नाही, तर घेणाऱ्यानं कशाला वाचावं!

अर्जाची चाल तर बघा. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की’... या ‘की’पर्यंत पोचेस्तोवर पाचोऱ्याहून निघालेली पीजे, म्हणजे आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, पहूरला टेकली असती. गाडी २०२० मध्ये थांबली, अर्ज अजून त्याच रुळावर. पुढे ‘घरची परिस्थिती हलाखीची’, ‘तरी कृपाळू होऊन’. अरे, नोकरी मागतोस की फी माफी? शाळेत पाठ केलेला एकच अर्ज आम्ही जन्मभर पुरवतो.

शिकलेल्यांचं ‘कव्हर लेटर’ वेगळं. ते आता मोबाइल लिहून देतो. त्यात वाकोदच्या पुढे न गेलेलं पोरगं एकदम डायनॅमिक होतं.

१९१२ च्या फेब्रुवारीत मद्रासच्या पोर्ट ट्रस्टकडे कारकुनीसाठी असाच एक अर्ज आला होता. मॅट्रिक झालोय, एफ.ए.पर्यंत शिकलो, अडचणींमुळे पुढे जमलं नाही, सगळा वेळ गणितात घालवतो, असं त्यात लिहिलेलं. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकाची शिफारस. १ मार्चला अर्जदार महिना ३० रुपयांवर रुजू झाला. नाव श्रीनिवास रामानुजन. पायघड्या त्यानंही घातल्या होत्या, नाही असं नाही. साहेबांचा जमानाच तसा होता. पण दोन पायघड्यांच्या मधे गणित होतं.

म्हणून पोराला विचारलं, “तू काय करतो?”

“काही नाही. घरीच.”

“घरी म्हणजे?”

मग हळूहळू निघालं. ड्रिपर चोक झाले की आजूबाजूचे शेतकरी यालाच बोलावतात. फिल्टर खोलतो, ॲसिड सोडतो, लॅटरलची टोकं उघडून धुतो. नळीतून येणारं पाणी बघून गाळ आहे की क्षार, ते सांगतो. केळीवाले तर रात्रीही फोन करतात.

“मग हेच लिही की अर्जात!”

पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. “हे कसं लिहिणार भाऊ? हे तर काम आहे.”

त्यानं काउंटरवरचा पेन घेतला, ‘विद्यालयात’ खोडून वर ‘कंपनीत’ लिहिलं आणि जळगावच्या गाडीमागे पळाला.