लंगोट खाते : नूतन मंत्र्यांसाठी मार्गदर्शक सूचना

घरात बाळ आले की पहिल्या चोवीस तासांत खातेवाटप होते. अर्थ खाते आजोबांकडे राहते, कारण पेन्शन त्यांचे येते. आरोग्य आणि मालिश या दोन खात्यांवरून दोन आज्यांत जो पेच पडतो, तो बारशापर्यंत सुटत नाही. बाळंतीण बिनखात्याची असते, पण सरकार तिच्याच पाठिंब्यावर उभे असते. उरतो बाप. त्याला लंगोट खाते देऊन ‘अरे, सगळ्यात वजनदार खातं तुला दिलंय,’ असे सांगतात. यात तसूभरही खोटे नाही. भिजलेल्या लंगोटांची बादली एकदा उचलून पाहावी. मलईदार खाते म्हणजे काय, तेही तिसऱ्या दिवशी उमगते.

पदभार स्वीकारल्यावर प्रथम साठा मोजावा. नवे बाळ दिवसाला १५ ते २० लंगोट सहज ओले करते. आमचे बाळ जुलैत जन्मले आणि आम्ही डोंबिवलीत राहतो; तिथे जुलैत लंगोट वाळायला दोन दिवस लागतात आणि तिसऱ्या दिवशी तो वाळला असे ठरावाने मान्य करावे लागते. म्हणजे साठ हवेत. हौसेने दुकानातून कोरे कापड आणू नये. कोऱ्या सुताला कापसाचा मूळचा मेणकट थर असतो आणि तो गेल्याशिवाय कापड पाणी पीत नाही, नुसते अंगावरून ओघळू देते. चार-पाच धुण्यांनंतर ते माणसात येते. पस्तीस वर्षे धुतलेली नऊवारी मात्र जन्मजात लंगोट असते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पन्हा सव्वा मीटरच्या आसपास असला तर ६० सेंटिमीटरचे २६ चौकोन निघतात. चौकोन तिरका दुमडला की दुपदरी त्रिकोण तयार. मी हा हिशेब कागदावर मांडून सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “जावईबापू, काठ आधी उसवा हो. टोचेल त्याला.” काठ माझ्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

बांधणीविषयी थोडक्यात. नाळ पडेपर्यंत लंगोटाची वरची कड बेंबीच्या खाली दुमडावी. मांड्यांमध्ये कापडाची जाड घडी बसून पाय बेडकासारखे फाकले तर घाबरू नये, खुब्याच्या सांध्याला तेच मानवते; पाय सरळ ओढून आवळून बांधणे वाईट. सेफ्टी पिनेचा मोह टाळावा. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८४९ साली तिचे पेटंट घेतले आणि ४०० डॉलरना विकून टाकले. तेव्हापासून ती आपल्याकडे बायकांच्या बांगड्यांत अडकून सुखाने राहते. तिला तिथेच राहू द्यावे. नाडी बांधावी. आणि मुलगा असेल तर जुना लंगोट सोडण्याआधी नवा हातात हवा. गार हवा लागताच जे कारंजे उडते, त्याचा नेम अचूक असतो. माझा चष्मा दोनदा गेला.

आता धुलाई, म्हणजे खात्याचा मूळ कारभार. शी झालेला लंगोट आधी गार पाण्याच्या धारेखाली धरावा. उत्साहाने उकळते पाणी ओतणाऱ्याचा डाग कापडात कायमचा शिजतो. ढोबळ काम झाले की मग गरम पाणी, साबण आणि फेस जाईपर्यंत खळबळणे. शूचे लंगोट तोंडबंद बादलीत दोन दिवस साठवण्याची युक्ती मी केली होती. झाकण उघडले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. आतले जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, हे शाळेत वाचले होते. त्या दिवशी प्रात्यक्षिक झाले. वासाचे मऊ-मऊ फॅब्रिक कंडिशनर या खात्यात निषिद्ध आहे, कारण ते धाग्यावर थर धरते आणि पस्तीस वर्षांची तपश्चर्या पुसून लंगोटाला पुन्हा कोरा करते. जंतुनाशकाची अर्धी बाटली ओतली तर जंतूंबरोबर बाळाची कातडीही हैराण होते. लंगोट पिळण्याबाबत मात्र मतभेद आहेत. माझी आई म्हणते, बाळाचे कपडे पिळले की त्याच्या पोटात मुरडा येतो. सासूबाईंचे म्हणणे, जुने कापड पिळल्याने विरते. कारणे दोन, आदेश एकच; पाणी निथळून माझ्या पायजम्यावर.

उन्हाची थोरवी पावसाळ्यात कळते. हळदीसारखा पिवळा डाग, ज्याच्यापुढे दोन साबण हरले, तो ओला लंगोट तासभर उन्हात टाकला की फिका पडतो; तो रंग पित्तातला असतो आणि उन्हापुढे टिकत नाही. पण जुलैत ऊन आणायचे कुठून? मग हॉलमध्ये दोऱ्या. पंखा पाचवर. टीव्हीवर, सोफ्याच्या पाठीवर, आजोबांच्या खुर्चीच्या हातांवर लंगोट. आमच्याकडे बाळ बघायला आलेले पाहुणे वाकूनच आत यायचे आणि त्याला नम्रता समजून आई खूश व्हायची. उरलेली ओल इस्त्रीने मारावी. तिन्हीसांजेला गॅलरीतले लंगोट आत घ्यावेतच. आई त्याचे कारण दृष्ट सांगते, मी दव सांगतो, आत मात्र मीच घेतो.

रात्री आम्ही युतीचा धर्म पाळून बाजारचा डायपर वापरला. हे कबूल करताना मान खाली जाते, पण पहाटे तीनला तत्त्वनिष्ठ राहून दाखवावे कुणीतरी. सकाळी तो वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा. पुण्याच्या कचरावेचकांनी रुजवलेली ही खूण आहे. पुडीत काय आहे ते हाताने उघडून पाहण्याची पाळी कुणावर येऊ नये.

अठराव्या दिवशी बाळाला डॉक्टरांकडे नेले. दूध पुरत नसावे, असे एका आजीचे मत. पुरते, पण बाळ आळशी आहे, असे दुसरीचे. डॉक्टरबाईंनी दोघींना हाताने थांबवून विचारले, “चोवीस तासांत शू किती वेळा?” सहाच्या वर असेल तर काळजी नाही, म्हणाल्या. दोन्ही आज्या एकमेकींकडे बघू लागल्या. मालिशीच्या वाट्यांचा हिशेब त्यांच्याकडे होता, हा नव्हता.

मी म्हणालो, “परवा सतरा, काल सोळा. आज अकरापर्यंत सात, त्यातला एक माझ्या शर्टावर.”

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

मूल आता दोन वर्षांचे आहे आणि माझ्या मेहुणीला सातवा महिना आहे. परवा सासूबाईंनी लंगोटांचे गाठोडे मागितले. नऊवारीचे मूळचे सव्वीस, मोजून दिले तेव्हा चोवीस भरले. “दोन कमी आहेत, जावईबापू,” त्या म्हणाल्या. विरले असतील, असे मी सांगितले. स्कूटरच्या डिकीत कोणी पाहू नये एवढीच विनंती. काच त्यांच्याइतकी लखलखीत दुसऱ्या कशाने पुसली जात नाही.