तळटीप क्रमांक 19

मराठीच्या एम.ए.च्या मुलांचे लघुप्रबंध वाचता वाचता माझ्या चष्म्याचा नंबर वाढत गेला आणि एक दिवस नोकरी संपली. संपली म्हणजे कागदोपत्री. स्पायरल केलेला मसुदा छातीशी धरून मुलं अजूनही दारात उभी राहतात. "मॅडम, फक्त एकदा नजरेखालून घाला." ही नजर घालायला मला साधारण तीन आठवडे लागतात आणि चारदा चहा करावा लागतो.

लघुप्रबंधाचं शीर्षक लग्नपत्रिकेच्या चालीवर जातं. वराचं नाव छोटं, बाकी कुलवृत्तांतच मोठा. नाटकाचं नाव दोन शब्दांचं असेल, तर त्यापुढे अपूर्णविराम, मग 'सामाजिक-सांस्कृतिक विशेष संदर्भात' आणि शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास'. अचिकित्सक अभ्यास कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही, निदान शीर्षकात तरी.

मागच्या वर्षी परभणीकडची एक मुलगी आली. विषय 'अशी ही बनवाबनवी', पुरुष बायका बनून घर मिळवतात तो सिनेमा. ऐकून मला बरं वाटलं. निदान हा मसुदा वाचताना हसायला मिळेल. पहिली 40 पानं वाचली. त्यांत अवकाश होता, सत्तासंबंध होते, लिंगभावाचं सादरीकरण होतं.

"अगं, यात अशोक सराफ कुठे आहेत?"

"तिसऱ्या प्रकरणात येतात, मॅडम."

तिसऱ्या प्रकरणात ते आले, पण सरपोतदारांना घेऊन. सुधीर जोशींनी उभा केलेला हा घरमालक म्हणजे 'भांडवली व्यवस्थेचं प्रतीक', असं तिने लिहिलं होतं. मी म्हटलं, बाई गं, हा माणूस प्रतीक वगैरे नाही, घाबरलेला आहे. 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी 1940 च्या आसपासच्या आकड्यावर गोठून बसली. एकदा आत शिरलेला भाडेकरू नातवंडं झाली तरी निघेना. वाड्यांच्या भिंतींना पोपडे धरले, जिना डुगडुगायला लागला. पण भाड्यातून चुन्याचाही खर्च निघायचा नाही, मग मालक कशाला डागडुजी करतोय? त्यात खोली दिली एकाला आणि राहतात कितीतरी जास्त, हे कळल्यावर सरपोतदारांचं जे होतं ते रक्तदाबाचं प्रकरण आहे, विचारसरणीचं नाही. हा कायदा पुढे 2000 साली बदलला. तोवर पुण्यामुंबईतल्या दोन पिढ्या घरमालकाला शिव्या देत आणि घरमालक त्यांना देत म्हाताऱ्या झाल्या. विनोद तिथून आलाय. तिने लिहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, याला संदर्भ काय देऊ?" मी म्हटलं, माझे सासरे.

संदर्भ ही चीज अशी निसरडी असते. एका मुलाने देवलांच्या 'संगीत शारदा'वर लिहिताना ठोकून दिलं होतं की, 1899 च्या या नाटकाचा प्रभाव इतका की पुढे 1929 साली बालविवाह रोखणारा 'शारदा कायदा' झाला. वाक्य इतकं गोंडस होतं की खोडायला हात धजेना. म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघालेल्या शारदेला अखेर सरकारने न्याय दिला, याहून सुंदर निष्कर्ष कुठला? पण तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. देवलांच्या शारदेचा आणि त्याचा नावापुरता योगायोग, आणि तोही मराठी कानाने जुळवलेला. मुलगा हिरमुसला. मग मी त्याला खरं ते सांगितलं: नोकरीची पहिली तीन वर्षं मीही वर्गात हेच सांगत होते आणि मुलं वहीत उतरवून घेत होती. त्यांतली काही आता स्वतः शिकवतात. कुठवर पसरलं असेल, देव जाणे.

मला विचाराल तर सांस्कृतिक संदर्भाचा सर्वांत जागरूक अभ्यासक प्राध्यापक नसतो, सरकार असतं. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली आलं. महाभारतातली कथा, विराटाचा दरबार, भीम, द्रौपदी, सगळं पौराणिक. लॉर्ड कर्झनचं नाव औषधालाही नाही. पण पिटातल्या माणसाला कीचक कोण ते पहिल्या प्रवेशातच कळत होतं. सरकारला कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं ते मुळापासून. 1910 साली नाटकावर बंदी आली आणि त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात या नाटकाचा अर्थ असा उलगडून दाखवला की आमच्या विभागात त्याला तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. फरक एवढाच की आपण अर्थ कळला म्हणून गुण देतो, त्यांनी अर्थ कळला म्हणून नाटक बंद केलं.

तर ही परभणीची पोर. चौथ्या प्रकरणापर्यंत तीही कुणाकुणाच्या उसन्या शब्दांत लिहीत होती. मग अचानक महिनाभर फोन नाही, मेल नाही. आली ती गाल बसलेले घेऊन. चौघी मैत्रिणी मिळून एका फ्लॅटमध्ये राहत होत्या. सोसायटीच्या सभेत ठराव झाला, बॅचलर नकोत. महिनाभर एजंटांच्या मागे फिरून प्रत्येकाकडून एकच प्रश्न: लग्न झालंय का? फॅमिली आहे का? एका काकूंनी तर सांगितलं म्हणे, मुली चालतील, पण त्यांना भेटायला कुणी यायचं नाही, वडीलसुद्धा रविवारीच.

"मॅडम, आमच्यातल्या एकीने मिशी लावली असती तर मिळालं असतं घर," ती म्हणाली आणि बसल्या बसल्या हसायला लागली. मग हसता हसता डोळे पुसले. मी आल्याचा चहा केला, पाचवा.

त्या आठवड्यात तिने जे प्रकरण लिहिलं ते मी दोनदा वाचलं, चष्म्याची तक्रार न करता. सुरुवात तिने फाळक्यांपासून केली होती. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण कुणी बाई कॅमेऱ्यासमोर यायलाच तयार नव्हती. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच. वनवासात तेवढाच एका माणसाचा शिधा वाचला, हे मात्र माझं, तिचं नाही. मधे बालगंधर्व, ज्यांच्या साडीची नि दागिन्यांची नक्कल खऱ्या बायका करायच्या. मग 1933 चं 'आंधळ्यांची शाळा', जिथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. आणि मग तिने लिहिलं होतं: 1913 साली मराठी पुरुष साडी नेसला तो बाई मिळेना म्हणून, 1988 साली नेसला तो खोली मिळेना म्हणून.

या वाक्याला तळटीप नव्हती. मी समासात पेन्सिलने फक्त 'वा' लिहिलं. पस्तीस वर्षांत मी समासात 'संदर्भ?' हजारदा लिहिलंय; 'वा' लिहायची वेळ बोटांवर मोजण्याइतकी आली.

आता राहिलं होतं क्षेत्रीय अभ्यासाचं प्रकरण. 'तत्कालीन प्रेक्षकांच्या' मुलाखती. मोबाईल टेबलावर ठेवून तिने अतिशय अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्ही तेव्हा होतात ना?" मी पेशवाईत होते की काय, अशा सुरात. पण खरं सांगते, मनातून फुलले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी तपासल्या, आज कुणीतरी माझी साक्ष मागत होतं. मग मी सांगितलं. टॉकीजचं नाव सांगितलं. बाल्कनीची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून खाली बसलो ते सांगितलं. मध्यंतरातला बटाटेवडा, पुढच्या बाईच्या गजऱ्याचा वास, लक्ष्मीकांत बेर्डे साडीत आले तेव्हा उठलेली शिट्टी, आणि एका आजोबांना हसून हसून ठसका लागला तेव्हा डोअरकीपरने आणून दिलेलं पाणी. तिचे डोळे चमकत होते. मी आणखी दोन तपशील घातले.

प्रबंध मंजूर झाला. पेढे आणि बांधीव प्रत घेऊन ती आली, वाकून नमस्कार केला. तिला आता खोलीही मिळाली आहे. मालकीणबाई सिनेमातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांसारख्या खमक्या आहेत म्हणाली. प्रतीला काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. ती गेल्यावर मी ऋणनिर्देश वाचला, मग घाईघाईने मागे गेले. तळटीप क्रमांक 19: 'प्रेक्षक 3, स्त्री, वय 62, निवृत्त प्राध्यापक, पुणे. प्रत्यक्ष चित्रपटगृहातील अनुभव.' खाली माझे आजोबा, म्हणजे ठसक्याचे, सविस्तर.

संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली.

"कुठल्या टॉकीजमध्ये गं?"

मी सांगितलं.

"आपण तो टॉकीजमध्ये पाहिलाच नाही. वरच्या मजल्यावर पाहिला. सगळ्या बिल्डिंगने वर्गणी काढून व्हीसीआर आणला होता भाड्याने. रात्रभराचा. तीन कॅसेट."

"आणि ते आजोबा?"

"ते माझे बाबा. आणि त्यांना ठसका चिवड्याने लागला होता, पहिल्या सिनेमात." ह्यांनी दुसरा पेढा उचलला. "तू तर दुसऱ्यालाच झोपलीस. 'बनवाबनवी' तिसरा होता."

मी प्रत मिटली. एक प्रत ग्रंथालयात जमा झालेली आहे, शिक्क्यासकट.

"नाव घातलंय का तुझं त्यात?" ह्यांनी विचारलं.

"नाही. प्रेक्षक 3."

"मग हरकत नाही," असं म्हणून ह्यांनी टीव्ही लावला.