सोनटक्क्याची कुंडी बदलणाऱ्यांस सूचना

कुंडी बदलायची वेळ झाली आहे, हे घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी पटत नाही. म्हणून खुरप्याआधी पुरावे गोळा करावेत. प्लास्टिकची कुंडी एका अंगाने फुगलेली असते, मातीची असेल तर काठापासून खाली चीर गेलेली असते. वरून घातलेलं पाणी आल्या पावली खालून निघून जातं, कारण आत माती नावापुरती उरलेली असते, बाकी सगळे कंद. काही कंद तर काठावर चढून खाली किती मजले आहेत ते पाहत असतात. एवढं दाखवल्यावरही घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणणारच, "चांगलं चाललंय की त्याचं, कशाला हात लावता?" त्यावर वाद घालू नये. हे वाक्य होऊन गेल्याशिवाय कुंडीबदलाला सुरुवात झाली असं शास्त्र मानत नाही.

आता मुहूर्त. श्रावणापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत सोनटक्का फुलावर असतो. त्या काळात त्याला हात लावणाऱ्याला देवघरातून विरोध होतो, आणि तो रास्त असतो. थंडीत पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. तेव्हा कापलेले कंद गार ओल्या मातीत नुसते बसून राहतात आणि कुजतात. म्हणजे उरला उन्हाळा. त्यातही मेची अखेर उत्तम. वळवाची एखादी सर येऊन गेलेली असावी आणि मृग लागायचा असावा. कापलेल्या कंदाला त्यानंतर चार महिने आयता पाऊस मिळतो. अडचण एवढीच, की नेमक्या याच दिवसांत बाल्कनीत आंब्यांची अढी लावलेली असते, हॉलमध्ये पाहुणे झोपलेले असतात आणि सुट्टीवर असलेली मुलं कुठल्याही कामात मदत करायला उत्सुक असतात. मुलांना पाणी आणायला पाठवावं. लांबून.

कुंडी घेताना नर्सरीवाला खोल, देखणी, हंड्यासारखी कुंडी पुढे करील. घेऊ नये. सोनटक्का हा आलं, हळद, वेलची यांच्या कुळातला. त्याचे कंद खाली जात नाहीत, आडवे सरकतात. त्याला १४ ते १६ इंच तोंडाची, पसरट कुंडी लागते. खाली भोक हवंच. ओल आवडते म्हणून कुंडीचं भोक बुजवणारे लोक आहेत. त्यांच्या घरी सोनटक्का नसतो, चिखल असतो. आणखी एक गोष्ट घरात आधीच सांगून ठेवावी. ओल्या मातीने भरलेली १६ इंची कुंडी ४०-५० किलोंच्या घरात जाते. म्हणून ती जिथे राहायची तिथेच ठेवून भरावी. भरल्यावर "जरा उजवीकडे घ्या हो" असं सुचवण्याचा कुणाचाही हक्क त्याच क्षणी संपुष्टात येतो.

मातीच्या मिश्रणाबद्दल प्रत्येक बागप्रेमीकडे स्वतःचं सूत्र असतं आणि ते ऐकून घ्यायला एक संध्याकाळ लागते. माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट सारखं सारखं घ्यावं, मूठभर निंबोळी पेंड टाकावी. झालं.

खरं काम जुन्या कुंडीतून झाड बाहेर काढण्याचं. आधी ज्या दांड्यांवर फुलं येऊन गेली, त्या बुडाशी कापून टाकाव्यात. सोनटक्क्याची दांडी आयुष्यात एकदाच फुलते, तिच्याकडून दुसऱ्या वर्षीची आशा धरणं व्यर्थ आहे. तरी "हिरवी आहे हो अजून" म्हणून कुणीतरी कात्री धरलेला हात धरील. हिरवी राहू दे, वाकून हात सोडवून घ्यावा आणि कापावी. मग काठाच्या आतून लांब सुरी फिरवावी, कुंडी गोणपाटावर आडवी करावी, चहूबाजूंनी थोपटावी आणि दांड्या धरून ओढावं. झाड येत नाही. पुन्हा थोपटावं. तरी येत नाही. या टप्प्याला तीन माणसं लागतात: एक कुंडी धरणारा, एक झाड ओढणारा आणि एक सोफ्यावरून "असं नाही, फिरवून काढा" म्हणणारा. तिसऱ्याला कामातून वगळता येत नाही, कारण बहुधा घर त्याच्या नावावर असतं.

तासाभराने शहाणा माणूस कुंडीवर हातोडी घालतो. हे खरं तर पहिल्या पाच मिनिटांतच करायचं असतं. प्लास्टिकची कुंडी कात्रीने कापावी, मातीची फोडावी. खापरं टाकू नयेत, नव्या कुंडीच्या भोकावर झाकायला लागतात. कुंडी वारसाहक्काने आलेली असेल तर मात्र फोडण्यापूर्वी भाऊबंदांत चौकशी करून घ्यावी. इतकी वर्षं कुंडीचं नावही न काढलेली बहीण नेमकी त्याच दिवशी फोन करते.

बाहेर आलेला गड्डा पाहून घाबरू नये. तो आल्याच्या ढिगासारखा दिसतो आणि वासही तसाच, किंचित तिखट. हाताने सुटतील ते कंद सुटे करावेत, उरलेले कापावेत. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन तरी डोळे हवेत. एकेका डोळ्याचे तुकडे करून रोपांची संख्या वाढवणारे लोक हिशेबात हुशार असतात, पण त्यांना यंदा फुलं दिसत नाहीत. सुरी स्वयंपाकघरातली घ्यायची असेल तर घेणाऱ्याने परिणामांची तयारी ठेवावी. ती कितीही घासून परत ठेवली तरी संध्याकाळी कांदा चिरताना ओळखली जाते. कापलेल्या जागी राख किंवा हळद लावून कंद सावलीत अर्धा दिवस सुकू द्यावेत. (हळद लावताना भावकीतल्याचीच पूड करून लावतोय, याची सोनटक्क्याला कल्पना नसते.)

लावताना कंद आडवा, डोळे वर, अंगावर इंच-दीड इंच माती. याहून खोल नाही. बटाटे पुरल्यासारखे खोल पुरले की फुटवे उशिरा येतात, कधी येतच नाहीत. एका कुंडीत तीन तुकडे पुरे, काठापासून चार बोटं आत. त्यावर पाचोळ्याचं पांघरूण. आंब्याच्या अढीतलं गवत त्याला उत्तम, फक्त आंबे संपल्यावर मागावं.

यानंतर पाण्याचा प्रश्न, आणि इथे घराबाहेरचे लोक येतात. सोनटक्क्याचं मूळ घर पूर्व हिमालय आणि त्यालगतचा मुलूख: ढगाळ हवा, ओढ्याचा काठ, झाडांची विरळ सावली. आपली बाल्कनी पश्चिमेला आहे. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, म्हणून सकाळचं ऊन मिळेल अशी जागा द्यावी आणि माती कधीच पूर्ण सुकू देऊ नये. पाणी भरपूर घातलं की ते खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीवर पडतं. म्हणून कुंडीखाली ताटली ठेवावी. ताटलीत पाणी साचतं. सोनटक्का खूश. पण साचलेल्या स्वच्छ पाण्यावर डेंगीचा डास टपलेला असतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं विजेरी घेऊन घरोघरी ताटल्या तपासतात.

म्हणजे एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला आरोग्य खातं, खाली शेजारी. यातून दोन वाटा आहेत. ताटलीत काठोकाठ खडी भरावी, म्हणजे ओल राहते पण पाण्याचा आरसा राहत नाही. नाहीतर ताटली आठवड्यातून एकदा ओतून काथ्याने घासावी. नुसती ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर ताटलीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. घासण्याचं काम कुणाचं, हे कुंडी भरण्याआधीच ठरवून घ्यावं. नंतर ठरत नाही.

लावल्यावर तीन-चार आठवडे काहीही दिसत नाही. ही सगळ्यांत कठीण पायरी आहे. या काळात बोटाने माती उकरून "फुटतंय का" हे पाहण्याची इच्छा होते, आणि घरातला प्रत्येक जण ती आपापल्या वेळेला, इतरांच्या नकळत पुरी करतो. शक्य झाल्यास कुंडीला जाळी लावावी. मांजरासाठी लावली आहे असं सांगावं.

फुटवे आले की मग थांबत नाहीत. महिन्यातून एकदा गांडूळखताची ओंजळ द्यावी, हे झाड खादाड आहे. नागपंचमीच्या सुमारास एक दक्षता घ्यावी: पातोळ्यांसाठी बाल्कनीतली लांबट हिरवी पानं तोडण्यापूर्वी ती हळदीचीच आहेत याची खात्री करावी. फुलाविषयी वेगळं मार्गदर्शन लागत नाही. दुपारी कळी, संध्याकाळी पांढरं फुलपाखरू, आणि अंधार पडला की वास थेट जिन्यापर्यंत. जिचं आपण पाकळी समजून कौतुक करतो, ती फुलाची सर्वांत मोठी, मधोमध चिरलेली पाकळी हा खरं तर रूप बदललेला वांझ पुंकेसर आहे. ही माहिती कुणी फूल केसांत माळत असताना देऊ नये.

शेवटी उरलेले कंद. एका कुंडीतून तीन कुंड्यांपुरते निघतात आणि वर पिशवीभर राहतात. नातेवाईक पहिल्या वर्षी आनंदाने घेतात, दुसऱ्या वर्षी विचार करतात, तिसऱ्या वर्षी दार उघडण्यापूर्वी हातात काय आहे ते पाहतात. घेताना काहीजण हातावर रुपया ठेवतात, कारण फुकट आणलेलं झाड लागत नाही अशी समजूत आहे. रुपया ठेवून घ्यावा, त्याने देणं पक्कं होतं. "साधा सोनटक्काच ना," असं कुणी नाक मुरडलं तर सांगावं, की क्यूबाने हे राष्ट्रीय फूल मानलं आहे, तेही तिथलं मूळचं नसताना. ब्राझीलने ते उपद्रवी तणांत घातलं आहे, हे पिशवी त्यांच्या हातात पडेपर्यंत सांगू नये.

तरीही कंद उरलेच, तर सोसायटीच्या मागे जो नळ कायम गळतो आणि ज्याच्या दुरुस्तीचा ठराव दरवर्षी सर्वसाधारण सभेत मंजूर होतो, त्याच्या बुडाशी संध्याकाळी जाऊन ते टाकून यावेत. पुरायचीही गरज नाही, वर चार पानं सरकवली की पुरे. दोन पावसाळ्यांनी तिथे माणसाच्या छातीइतकी उंच, दाट गर्दी होईल आणि ही लागवड कोणी केली अशी चौकशी निघेल. सेक्रेटरी स्वतःचं नाव सांगतील. सांगू द्यावं. नळ दुरुस्त करायला मात्र त्या सभेत आपण पहिला विरोध नोंदवावा.