सेफ साइडचे काका

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वापरतं कोण? सगळे त्यांना 'सेफ साइड'च म्हणतात. इस्त्रीवाला तर कपड्यांच्या गाठोड्यावर चिठ्ठीही तशीच लावतो.

काका एका सहकारी बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झाले. 'सिक्युअर्ड' आणि 'अनसिक्युअर्ड' या दोन शब्दांत त्यांनी पस्तीस वर्षं काढली आणि पुढे सगळ्या जगाची तशीच वाटणी करून टाकली. बाहेर पडताना ते दाराला कुलूप लावतात, ओढून बघतात, जिना उतरतात, पुन्हा वर येतात, पुन्हा ओढतात. "फॉर द सेफ साइड." काकू तेव्हा आतच असतात.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत आहे. संकट मराठीतून येतं आणि सुटका इंग्रजीतून होते. "जिना ओला आहे, घसरशील, खुब्याचं हाड मोडेल, सहा महिने अंथरुणात पडशील," इथपर्यंत मायबोली. मग जिन्यावर पोतं पसरलं की "नाऊ इट इज परफेक्टली सेफ." निर्धोक, बिनघोर, सुखरूप हे शब्द त्यांना ठाऊक नाहीत असं नाही. पण 'सुखरूप पोचलो' हे पत्रात लिहायचं, त्याला गॅरंटी नसते, असं त्यांचं मत. औषधाच्या दुकानात ते "याने काही अपाय होत नाही ना?" असं कधीच विचारत नाहीत. "साइड इफेक्ट निल?" असं विचारतात आणि दुकानदार "निल" म्हणाला की गोळी दुकानातच गिळतात.

एकदा मला दुर्बुद्धी झाली. 'सिक्युअर' हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'काळजीविना' असा आहे, असं मी त्यांना सांगितलं. काका हादरले. "अरे, काळजीच घेतली नाही तर माणूस सिक्युअर राहील कसा?" त्या रात्री त्यांनी गॅसचा कॉक तीनदा तपासल्याचं काकूंनी सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना सांगितलं. मी मान खाली घातली.

सेफ्टी पिन हे त्यांचं दैवत. बनियनला दोन, पाकिटात चार. ती पिन न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट नावाच्या कारागिराने १८४९ साली काढली. पंधरा डॉलरचं देणं फेडायचं होतं म्हणून तारेशी खटपट करत बसला आणि शेवटी पेटंटचे हक्क चारशे डॉलरला विकून मोकळा झाला. पुढे त्या पिनेवर दुसऱ्यांनी बक्कळ पैसा केला. ही गोष्ट ऐकून कुणीही हळहळेल. काकांचा चेहरा मात्र उजळला. "बघ! देणं फिटलं, वर तीनशे पंच्याऐंशी हातात. रिस्क घेतली नाही. सेफ्टी पिन काढणारा माणूस असाच असणार!"

लग्नं जुळवायचाही त्यांना नाद आहे. एका स्थळाची शिफारस त्यांनी वरच्या मजल्यावर केली: "मुलगा टोटली हार्मलेस आहे." मुलीने चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "म्हणजे करतो काय?" काकांना उत्तर सुचेना. आता यात बिचाऱ्या मुलाचा दोष नव्हता. पण माणसाला 'हार्मलेस' म्हटलं की इंग्रजीतसुद्धा त्याची थोडी कीवच येते. आपल्या 'निरुपद्रवी'चंही तेच. स्थळ मोडलं. काका अजून म्हणतात, "इतका सेफ मुलगा शोधून सापडायचा नाही."

या शब्दांनी काकांना खरा दगा दिला तो लेबलांवर. काकूंच्या गुलाबावर कीड पडली तेव्हा त्यांनी औषधाची बाटली आणली. तिच्यावर हिरवा चौकोन. "ग्रीन म्हणजे सेफ," काका म्हणाले, "शाकाहारी." आपल्याकडे कीटकनाशकांवर लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी विषाची उतरती भाजणी छापतात. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी, बिनविषारी नव्हे. काकूंनी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली म्हणून बरं.

मग दिवाळीच्या रंगकामात थिनरचा डबा आला. मी सहज डोकावलो तर डबा गॅसच्या शेगडीला खेटून ठेवलेला, आणि शेगडीवर चहा.

"काका, हे काय?"

"वाच की! 'इनफ्लेमेबल' लिहिलंय. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल, तसं फ्लेमेबल-इनफ्लेमेबल. पेटत नाही!"

"आणि ही ज्योत कशाला छापलीय?"

"फुली मारायची राहिली असेल."

मी आधी गॅस बंद केला आणि मग व्याकरण काढलं. या शब्दातला 'इन' नकाराचा नाही. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातूनच तो आलाय. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. आणि फसलेले काका एकटे नाहीत. याच घोटाळ्याच्या भीतीने अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संस्थेने १९२०च्या दशकापासून 'इन' गाळून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आमच्या डब्यापर्यंत तो आग्रह पोचला नव्हता.

काका बराच वेळ डब्याकडे बघत राहिले. पस्तीस वर्षं सचोटीने हप्ते भरणारा कर्जदार अचानक परागंदा व्हावा, तसा चेहरा. मग त्यांनी डबा दोन बोटांनी उचलला, एक पाऊल माझ्या दिशेने टाकलं आणि बऱ्याच दिवसांनी शुद्ध मराठीत म्हणाले, "हा तुझ्याकडे असू दे."

तो सध्या आमच्या गॅलरीत आहे.