कळवतो म्हणाले

किरनापुरात कोणाला नोकरी लागली हे गावाला पेढ्यावरून कळतं. कोणाची हुकली हे मात्र सगळ्यांत आधी फॉर्मवाल्या भाऊंना कळतं, आणि ते चार दिवस कोणाला सांगत नाहीत. पाचव्या दिवशी सांगतात. एवढा संयम तहसिलीच्या गावात फार झाला.

भाऊंचं खरं नाव आता आधार कार्डावर आणि वहिनींच्या रागात तेवढं उरलं आहे. बाकी सगळ्यांसाठी ते 'फॉर्मवाले भाऊ'. बस स्टँडाजवळ त्यांचं एमपी ऑनलाइनचं दुकान. एमपी ऑनलाइन ही मध्य प्रदेश सरकार आणि टीसीएस यांची 2006 सालापासूनची भागीदारी. तिच्यात तिसरे भागीदार आपण आहोत, अशी भाऊंची मनोमन समजूत. टाटांचा विषय निघाला की ते "आमचे टाटा" म्हणतात. टाटांकडून अजून तक्रार आलेली नाही.

दुकानात एक संगणक, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनची मशीन, फोटोसाठी पांढरा पडदा आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. या कोटाला पाठ नाही. म्हणजे होती, उंदरांनी खाल्ली. पण फॉर्मावर पाठ लागत नाही, म्हणून भाऊंनी मागच्या बाजूला चार नाड्या शिवून घेतल्या. आता तो जाड्याला ढिला आणि बारक्याला घट्ट बांधता येतो. टाय इलॅस्टिकची. मागच्या काही वर्षांत वनरक्षक, पटवारी, शिक्षक, पोलीस, ज्या ज्या भरतीला किरनापूरची पोरं बसली ती याच कोटात बसली. तो कोट चढवला की खाली बर्म्युडा असली तरी पोरगा आपोआप ताठ होतो आणि मान किंचित डावीकडे झुकवतो. "मान सरळ ठेव बे," भाऊ ओरडतात, "नोकरी मागून रायला, पोरगी नाही पाहून रायला!"

नोकरी मागण्याचं एक शास्त्र असतं आणि ते कोणत्याच कॉलेजात शिकवत नाहीत, हे भाऊंचं ठाम मत. त्यातला पहिला भाग सरकारचा. तिथे नम्रता कामाची नाही, कागद कामाचे. मूल निवासी प्रमाणपत्र, जातीचं प्रमाणपत्र, समग्र आयडी आणि रोजगार कार्यालयातलं जीवित पंजीयन. शेवटच्या कागदाची मुदत संपली की उमेदवार सरकारदरबारी मेलेला. भाऊ रस्त्यानं जाणाऱ्या धडधाकट पोराला हाक मारून विचारतात, "काय रे, तू जिवंत आहेस ना?" परगावचा माणूस दचकतो. पोरगा थांबतो, आठवून पाहतो आणि म्हणतो, "मार्चपर्यंत आहो."

दुसरा नियम, निकाल लागला म्हणजे नोकरी लागली असं समजायचं नाही. हा नियम भाऊंनी फार महागात शिकलेल्या पोरांकडे पाहून बनवला. पटवारी परीक्षेचा निकाल 30 जून 2023 ला लागला. पेढे वाटले गेले. ग्वाल्हेरच्या एकाच केंद्रावरून अव्वल आलेल्यांची गर्दी पाहून बोंब उठली आणि 13 जुलैला नेमणुका थांबल्या. चौकशी बसली, आणि गाडी पुढे सरकायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या सात महिन्यांत पास झालेल्या पोरानं गावात वागायचं कसं? त्याला 'पटवारी साहेब' म्हणावं तर कागद नाही, न म्हणावं तर उद्या सातबारा त्याच्याच हातात. (सातबारा महाराष्ट्रातला, इकडे खसरा म्हणतात. पण किरनापुरात निम्मे सोयरे गोंदियाचे, त्यामुळे दोन्ही चालतं.) भाऊंनी तोडगा काढला. त्याला खुर्ची द्यायची, पण चहाचे पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे.

दुसरा गोंधळ 13 टक्क्यांचा. मध्य प्रदेशात ओबीसींचं आरक्षण 14 वरून 27 टक्के करायचं 2019 मध्ये ठरलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2022 मध्ये सरकारनं मधला रस्ता शोधला. 87 टक्के जागांचे निकाल लावायचे, वादातले 13 टक्के राखून ठेवायचे. कागदावर हे सोपं दिसतं. पण किरनापूरच्या बालाघाट जिल्ह्यात पोवार समाज मोठा, पोवार ओबीसीत, आणि लग्नसराई काही कोर्टासाठी थांबत नाही. भाऊंच्या दुकानात एक काकाजी आले होते. चप्पल बाहेर काढून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "जावई पाहून रायलो. पोरगा पास आहे म्हणतात. 87 मधला आहे का 13 मधला, तेवढं पाहून द्या ना." भाऊंनी यादी उघडली, खाली सरकवली, चष्मा पुसला. "काकाजी, 13 मधला आहे."

"मग आता?"

"साखरपुडा करून ठेवा. लग्न होल्डवर."

आणि तिसरं दुखणं नदीपलीकडचं. राजेगावजवळ बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. किरनापूरच्या माणसाचा बाजार गोंदियाला, दवाखाना गोंदियाला, मामा गोंदियाला. फक्त नोकरी गोंदियाला नाही, कारण 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर, भंडारा तिकडे गेले आणि बालाघाट इकडे राहिला. 2023 मध्ये महाराष्ट्रात तलाठ्यांची मोठी भरती निघाली. खुल्या गटाला फी 1000 रुपये, आणि अर्ज दहा लाखांच्या वर. तेव्हा भाऊंच्या दुकानात नुसती जत्रा. प्रत्येकाला भाऊ तेच समजावत होते, की महाराष्ट्राचं अधिवास पाहिजे, पंधरा वर्षांचा रहिवास पाहिजे. "पण भाऊ, बेळगावकडच्या मराठी गावांले तर चालते म्हणतात?" कोणीतरी वर्तमानपत्र वाचणारा निघायचाच. "चालते. 865 गावांले चालते. त्यांचं भांडण चालू आहे. आपण भांडलोच नाही, तर आपल्याले कोण देईल?" असं म्हणून भाऊ 1956 सालच्या पुढाऱ्यांना दोन शिव्या हासडत आणि पुढच्याचा जबलपूरचा फॉर्म भरायला घेत.

सरकारचं एक बरं असतं. त्याला चेहरा नसतो, त्यामुळे तिथे अदब पाळावी लागत नाही. खरी अदब खाजगीत, आणि भाऊंची खरी हुशारी तिथेच. गोंदियाच्या राईस मिलवाल्यांना मुनीम पाहिजे असतो, बालाघाटच्या शाळांना मास्तरणी, बचतगटांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांना वसुलीचा पोरगा, हैदराबादच्या ठेकेदाराला पंचवीस गार्ड. ते सगळे भाऊंना फोन करतात, "कोणी चांगला पोरगा असला तर पाठवा." चांगला म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. भाऊंना ठाऊक असतं. फायनान्सला चांगला म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे आणि ज्याला लाज नाही. गार्डला चांगला म्हणजे जो दिवाळीला गावी येणार नाही. मिलला चांगला म्हणजे ज्याला हिशेब येतो, पण सगळाच येत नाही.

शाळेला चांगली म्हणजे जी विचारत नाही. एका बी.एड. झालेल्या मुलीला भाऊंनी तयारी करून पाठवलं होतं. ओढणी नीट, अस्सल कागद हातात, झेरॉक्स पर्समध्ये, पगाराचं नावही काढायचं नाही. तिनं सगळं पाळलं. शेवटी संचालक म्हणाले, "काही विचारायचं आहे का?" असं विचारलं की "नाही सर" म्हणून उठायचं असतं, हे तिला कोणी बजावलं नव्हतं. ती म्हणाली, "हातात सहा हजार पडतील ते समजलं सर. सही कितीवर करायची?" तिला नोकरी मिळाली नाही. पण दुकानात ती आली की भाऊ स्वतः उठून तिला स्टूल देतात, आणि हा मान आजवर एकाही पटवाऱ्याला मिळालेला नाही.

भाऊंचे धडे मी शेजारच्या बाकावर चहा पीत बरेच ऐकले आहेत. पगार विचारायचा नाही, सेठनं विचारलं, "किती पाहिजे?" तर "तुम्ही समजून द्या" म्हणायचं. आधीची नोकरी का सोडली, तर घरी आई आजारी होती. (किरनापूर तालुक्यातल्या आयांच्या तब्येतीवर एखाद्या डॉक्टरनं प्रबंध लिहावा.) बाप सोबत न्यायचा नाही, मामा न्यायचा. बाप पोराची बाजू घेतो, मामा मालकाची. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही.

हा शेवटचा धडा एकदा भलताच पाळला गेला. एम.कॉम. झालेला एक पोरगा. गोंदियाचे एक मिलवाले सेठजी धानाच्या सौद्यासाठी किरनापूरला आले होते, तेव्हा भाऊंनी दुकानातच मुलाखत ठरवली. पोरगा मामाला घेऊन आला आणि मामानं थैलीतून पाच किलो चिन्नोर तांदूळ काढून सेठजींच्या पायाशी ठेवला. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हापासून जिल्ह्यात भेटवस्तूंचा विषय संपलाच आहे. सेठजींनी थैलीत हात घातला, चार दाणे तळहातावर घेतले, एक दातानं फोडला. "कुठे कुटला?" मामानं मिलचं नाव सांगितलं. ती सेठजींच्या चुलतभावाची मिल, आणि दोघांचं बोलणं बंद. मुलाखतीची सुरुवात अशी झाली.

"एक क्विंटल धानाचे तांदूळ किती?" सेठजींनी विचारलं.

"67 किलो, सेठजी," पोरगा चटकन म्हणाला. सरकारी धान भरडून द्यायचा ठरलेला आकडा तोच आहे.

"हे सरकारचं झालं. खरं किती?"

पोरानं मामाकडे पाहिलं, मामानं भाऊंकडे पाहिलं, भाऊ प्रिंटरमध्ये कागद घालायला लागले. कागद आत होताच. पोरगा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "ते तुम्ही शिकवान तसं." सेठजी खूष झाले. मामाच्या अंगात हत्तीचं बळ आलं. चहा झाला. "किती पाहिजे?" "तुम्ही समजून द्या." "रविवारी मिल चालते." "आम्ही पण चालतो." सगळं पाठ केल्याप्रमाणे. उठताना सेठजी म्हणाले, "कळवतो."

ते बाहेर पडले आणि पाच मिनिटांत त्यांचा भाऊंना फोन. पोरगा चांगला आहे, पण जास्त शिकलेला आहे. कुठेतरी पटवारी लागेल आणि ऐन हंगामात चाब्या टाकून जाईल. त्याला तोंडावर नाही म्हणवत नाही, तुम्हीच काहीतरी सांगा. फोन ठेवतात तो पोरगा मागच्या दारानं आत. "भाऊ, मिलवाले देतील आठ हजार, त्यात गोंदियाले जाणं-येणंच सहा हजारांचं. तोंडावर नाही म्हनवत नाही, तुमीच काहीतरी सांगा."

भाऊंनी दोघांना अर्धा अर्धा दिवस टांगून ठेवलं. लगेच सांगितलं तर अपमान होतो. संध्याकाळी सेठजींना म्हणाले, "पोराच्या आईची तब्येत बरोबर नाही, तो तुम्हाले विचार करून सांगतो म्हणते." पोराला म्हणाले, "सेठजींच्या भावकीत काही चालू आहे, महिनाभरानं कळवतो म्हणाले." दोघंही हळहळले. दोघांनीही, आपल्याला किती वाईट वाटलं, हे भाऊंना पुन्हा फोन करून सांगितलं. ज्या घरात नकार गेला तिथे आणि ज्या मिलमध्ये नकार गेला तिथे, दोन्हीकडे भाऊंचा दिवाळीचा फराळ शाबूत.

अशा माणसाला स्वतःला नोकरी का नाही, हा प्रश्न नवीन पोरं हळूच विचारतात. भाऊ 44 चे आहेत. राज्यातली कमाल मर्यादा 40, ओबीसीला पाच वर्षं सूट, म्हणजे 45. 2022 मध्ये कोरोनापायी सरकारनं एकदाच तीन वर्षांची जादा सूट दिली होती, ती त्यांना तेव्हा लागत नव्हती याची हळहळ आहे. कोणतीही भरती निघाली की पहिला फॉर्म भाऊ आपला भरतात. "सर्व्हर चालते का पाहून रायलो," म्हणतात. मागास उमेदवाराची 250 रुपये फी आणि वरचे 60 असे सर्व्हर पाहायचे पैसे ते गुपचूप गल्ल्यात टाकतात. परीक्षेच्या दिवशी दुकान बंद असतं. पाटीवर लिहिलेलं असतं, 'आईची तब्येत'.

सेठजींची मुनीमाची जागा काही भरली नाही. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. मी बाकावरच होतो आणि भाऊ एका मुलीचा नर्सिंगचा फॉर्म भरत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"भाऊ, पोरं पाठवणं सोडा. तुम्हीच या ना मिलवर. तुमच्यासारखा माणूस पाहिजे."

भाऊंचा हात माऊसवर थांबला. "पगार किती?"

पलीकडे मिलचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "पगाराचं काय भाऊ... तुम्ही घरचे."

"घरचा आहो म्हणूनच विचारून रायलो. रविवारची सुट्टी आहे का? पीएफ कापता का? अन् सही कितीवर करायची?"

"बरं..." सेठजी म्हणाले. "पाहतो. कळवतो तुम्हाला."

"मी पण कळवतो," भाऊ म्हणाले आणि मुलीकडे वळले. "हं, बाई. रोजगार पंजीयन काढ. जिवंत आहेस ना?"