पेंग्विनभक्तांची लगीनसराई

ओळखीत कुणाचा लॅपटॉप रखडू लागला की पेंग्विनछाप लिनक्सच्या भक्ताला बरोबर वास लागतो. खिशात पेनड्राइव्ह तयारच असतो. ‘फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, अर्ध्या तासात होतं,’ म्हणत चहा येईपर्यंत तो यजमान काकांचं विंडोज पुसून लिनक्स टाकायला मोकळा. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चे मोफत अपडेट बंद झाले, तेव्हापासून तर या मंडळींची लगीनसराईच सुरू आहे.

अर्धा तास खरा असतो. पुढचं कुणी सांगत नाही. वायफाय दिसत नाही. त्याचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला वायफाय. शेवटी फोन केबलने जोडून तो टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ‘सुडो’ने सुरू होणारं काहीबाही बडवतो आणि काकांना पासवर्ड टाकायला सांगतो. काका टाकतात. पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही.

‘कीबोर्ड गेला वाटतं रे.’

‘नाही काका, तसंच असतं. सुरक्षिततेसाठी.’

काका पुन्हा टाकतात, या खेपेला बटणं जोरात दाबून.

जगातले अव्वल पाचशे महासंगणक २०१७पासून लिनक्सवरच चालतात, हे तो प्रिंटरशी झटापट करताना ऐकवतो. काकूंना विजेच्या बिलाची एक प्रत हवी असते. (लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्सचं काम निव्वळ छंद म्हणून जाहीर केलं होतं. भक्तांना तेवढंच नेमकं आठवत नाही.)

प्रिंटर चालतो एकदाचा. तोवर भक्ताच्या लक्षात येतं, या मशीनला लिनक्सच्या अवतारांपैकी उबंटू नव्हे, डेबियनच शोभलं असतं. रविवारी येतो म्हणालाय. सगळं नव्याने टाकू.