कुलूपवाल्याच्या हाती रिव्हॉल्व्हर

मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीने क्लिंटन सरकारला शब्द दिला: दोन वर्षांत हँडगनला आतूनच कुलूप बसवू. झालं! अमेरिकेतल्या बंदूकप्रेमींनी बहिष्कार घातला. १९८७ मध्ये ११ कोटी २५ लाख डॉलरला गेलेली कंपनी २००१ मध्ये दीड कोटीत (कर्ज वेगळं) विकली गेली. घेतली कोणी? तर बंदुकांची कुलपं करणाऱ्यांनीच!

मग रिव्हॉल्व्हरच्या कुशीला किल्लीपुरतं भोक आलं. लोकांनी त्याचं बारसं केलं, ‘हिलरी होल’. करार नवऱ्याच्या सरकारचा, भोक बायकोच्या नावावर. चोर दारात असताना कुलूप आपोआप लागलं तर, ही धास्ती. पोराच्या हाती भरलेलं रिव्हॉल्व्हर लागलं तर? ते म्हणे संस्कारांवर सोपवावं. आता कंपनी पुन्हा बिनकुलपाची मॉडेलं काढते आणि ती कौतुकाने घेतली जातात.